दरीतून उडणारे विमान

मी सातवी शिकलेली बाई. विमानावर बोलते म्हणून हसू नका. माझा धाकटा वैमानिक व्हायचे म्हणतो. मी विचारले, एवढे आभाळ मोकळे असता लढाऊ विमान डोंगरांमधून कशाला न्यायचे? तो म्हणाला, चिखलदऱ्याच्या दरीतला माणूस पलीकडच्या गावाला दिसत नाही ना? तसेच रडारचे. दरीतून गेले की विमान लपते.

पण कारगिलला शत्रूच शिखरांवर बसला होता. २७ मे १९९९ रोजी नचिकेतांचे मिग इंजिन बंद पडून कोसळले. त्यांचा ठाव घ्यायला स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा मागे थांबले. खांद्यावरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने त्यांचे विमान पाडले. नचिकेता कैदेतून सुटून आले, आहुजा आले नाहीत. पुढे विमाने टप्प्याबाहेर, उंचावरून मारा करू लागली.

यजमान मुलाला हो म्हणाले. मी अजून म्हटलेले नाही.