हे आधीच कोणीतरी केलंय



माझ्या भाषणानंतर बक्षीस समारंभ आहे आणि त्यानंतर शेलापागोटे. मागच्या रांगा कशासाठी थांबल्यात ते मला दिसतंय, म्हणून मुद्द्यावर येतो.

मघाशी तुमचं प्रोजेक्टचं प्रदर्शन पाहिलं. एका गटाने दुकानांसाठी बिलिंगचं ॲप केलंय, चांगलं केलंय. विचारलं, विकणार का? मुलगी म्हणाली, "नाही सर, हे आधीच कोणीतरी केलंय." हे वाक्य मी प्रत्येक कॉलेजात ऐकतो. मी स्वतः मेडिकल दुकानांना सॉफ्टवेअर विकतो. मी सुरुवात केली तेव्हा तशी सॉफ्टवेअरं बाजारात भरपूर होती, आणि मी या धंद्यात शिरलो तो त्यामुळेच. ज्या वस्तूला लोक आज पैसे मोजतायत, तिची गरज आहे हे कोणाला पटवावं लागत नाही. ती कुठे टोचते, एवढंच शोधायचं.

तुम्ही रोज वापरता त्या एक्सेलचं घराणं बघा. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांनी ॲपल टू संगणकासाठी 'व्हिजीकॅल्क' केलं. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले बाकीचे आपोआप बदलायचे. ते विकणाऱ्या कंपनीत मिच केपोर नावाचा माणूस काही काळ होता. त्याने पुढे स्वतःची कंपनी काढली आणि १९८३ मध्ये 'लोटस वन-टू-थ्री' आणलं. आकडेमोडीचा तक्ता तोच, पण आयबीएमच्या नव्या पीसीवर वेगाने चालणारा, आणि त्याच आकड्यांचा आलेख जागच्या जागी काढून देणारा. पहिल्याच वर्षी त्याची विक्री पाच कोटी डॉलरच्या वर गेली. दोनच वर्षांत लोटसने व्हिजीकॅल्क करणारी कंपनी विकत घेतली आणि व्हिजीकॅल्क बंद केलं.

मग लोटसचीही पाळी आली. मायक्रोसॉफ्टने एक्सेल १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर आणलं. लोटसचं विंडोजवरचं सॉफ्टवेअर यायला १९९१ उजाडलं. तोवर बाजार हातचा जायला लागला होता.

यातली एक गंमत उद्या लॅबमध्ये करून बघा. एक्सेलच्या चौकटीत ६० लिहा आणि तिला तारखेचं स्वरूप द्या. २९ फेब्रुवारी १९०० अशी तारीख येईल. असा दिवस उगवलेलाच नाही, कारण १९०० या शतकवर्षाला ४०० ने भाग जात नाही, ते लीप वर्ष नव्हतं. ही चूक लोटसमध्ये होती. एक्सेलवाल्यांनी ती जाणूनबुजून ठेवली, नाहीतर लोटसमध्ये केलेल्या जुन्या तक्त्यांमधल्या तारखा एका दिवसाने सरकल्या असत्या. गिऱ्हाइकाची जुनी कामं जशीच्या तशी आपल्याकडे यावीत म्हणून दुसऱ्याची चूकसुद्धा सांभाळायची! तुमच्या परीक्षेत याला मार्क मिळणार नाहीत. बाजारात मिळतात. मेडिकलवाल्याची वर्षानुवर्षांची उधारी आणि साठा एका रात्रीत नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणून दिलात, तर तो तुमचा. "सगळं पुन्हा टाइप करा" म्हणालात, तर तो चहा पाजून तुम्हाला निरोप देईल.

आता मेडिकल दुकानाचंच सांगतो. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "पाच गोळ्या द्या." स्ट्रिप असते दहाची नाहीतर पंधराची. जी जुनी सॉफ्टवेअरं मी पाहिली, त्यांतली काही पूर्ण स्ट्रिपच मोजायची. त्यामुळे रात्री फळीवरचा माल आणि पडद्यावरचा आकडा जुळायचा नाही. दुसरं दुखणं एक्सपायरीचं. मुदत संपत आलेला माल स्टॉकिस्टकडे वेळेत परत गेला नाही तर तोटा दुकानदाराच्या गळ्यात. कोणता माल काढून ठेवायचा हे सॉफ्टवेअरने आधी सांगायला हवं, मुदत उलटल्यावर लाल अक्षरांत नव्हे. तिसरं, शेड्यूल एच-वनची औषधं. २०१४ पासून त्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते, डॉक्टर आणि रुग्णाच्या नावासकट. गर्दीच्या वेळी ही वही भरायची कोणी? ती बिलातूनच तयार झाली पाहिजे. आणि माउस! ज्याच्या एका हातात औषधं आणि समोर चार माणसं, तो माउस शोधत बसत नाही. सगळं बिल कीबोर्डवरच व्हायला हवं. यातलं काहीही कॉम्प्युटरसमोर बसून सुचणारं नाही. काउंटरच्या आतल्या बाजूला स्टूल टाकून बसलं की दिसतं.

सातारा जिल्ह्यातल्या कैलाश काटकरांचं उदाहरण तुम्हाला जवळचं वाटेल. दहावीपर्यंत शिक्षण, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं काम, मग कॉम्प्युटर दुरुस्ती. दुरुस्तीला येणाऱ्या मशिनांमध्ये व्हायरस सापडायचे. परदेशी अँटिव्हायरस तेव्हा होतेच. तरी धाकटे भाऊ संजय यांनी आपला लिहिला, तोच 'क्विक हील'. २०१६ मध्ये त्या कंपनीचे शेअर बाजारात आले. चेन्नईच्या गिरीश मातृभूतम यांचंही तसंच. ग्राहकांच्या तक्रारी हाताळणाऱ्या एका परदेशी सॉफ्टवेअरने २०१० मध्ये दर वाढवले, लोक संतापले, आणि यांनी तोच धंदा स्वस्तात सुरू केला. आज त्यांनी सुरू केलेली फ्रेशवर्क्स ही कंपनी अमेरिकेच्या नॅसडॅकवर आहे.

मात्र सगळीकडे हे जमत नाही. 'कू' आठवतंय? ट्विटरसारखंच, पण मराठीसह भारतीय भाषांमध्ये. सुधारणा खरी होती, तरी २०२४ मध्ये ते बंद पडलं. गूगलसारख्या धनाढ्य कंपनीलाही फेसबुकपुढे 'गूगल प्लस' टिकवता आलं नाही. जिथे माणसं केवळ बाकीची माणसं तिथे आहेत म्हणून थांबतात, तिथे तुमची सुधारणा कोणी बघायलाही येत नाही. तुम्ही अशा ठिकाणी जा, जिथे दुकानदार एकटा निर्णय घेतो आणि पैसे रोख देतो.

पैशाचा हिशोब तोंडी करू. ४०० दुकानं, प्रत्येकी वर्षाला ५,००० रुपये, म्हणजे २० लाख. त्यात फोन घ्यायला दोन मुलं, फिरतीचा खर्च, सर्व्हर, आणि तुम्ही. पहिल्या वर्षी हातात फारसं उरत नाही, कारण एकेका दुकानात चकरा माराव्या लागतात. नफा दिसतो तो नूतनीकरणात, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तेच दुकानदार पुन्हा पैसे भरतात तेव्हा. आणि ते भरतात रात्री दहाला बिल अडलं तरी तुम्ही फोन उचलता म्हणून. नियम बदलतात तेव्हाही संधी येते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा ज्यांचं सॉफ्टवेअर तयार होतं, त्यांना दुकानदार शोधत आले.

"सर, मग ही चोरी नाही का?" हा प्रश्न येतोच. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. म्हणजे दुसऱ्याचा कोड, त्याची चित्रं उचलायची नाहीत. नाव आणि बोधचिन्हही त्याचंच, त्यासाठी वेगळा कायदा आहे. बिल करण्याची कल्पना मात्र कोणाच्या मालकीची नसते. आणि नोकरी सोडताना तिथला कोड पेनड्राइव्हवर घेऊन बाहेर पडलात, तर ती चोरीच. त्यात चर्चेला जागा नाही.

शेवटी प्राचार्यांना एक विनंती. अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा घ्याल, तेव्हा बाहेरच्या परीक्षकाशेजारी आणखी एक खुर्ची ठेवा. ज्याने ते सॉफ्टवेअर निदान महिनाभर वापरलंय असा दुकानदार, क्लार्क, पतसंस्थेचा कॅशियर, कोणीही त्या खुर्चीवर बसू दे आणि त्याला पहिला प्रश्न विचारू दे. आणि मुलांनो, तो माणूस तुम्हीच शोधून आणायचा, या सुट्टीतच.