करणे, करविणे आणि अनुमोदणे

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ग्रामीण भागातील गुणवंत विद्यार्थी व शिक्षकांच्या गौरव समारंभात केलेले भाषण)



पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण करताना एखादी संस्था आपल्या वास्तूचा, निधीचा आणि कार्याचा आढावा घेते, हे स्वाभाविक आहे. आपल्या ट्रस्टने मात्र या आनंदाच्या प्रसंगी तालुक्यातालुक्यांतील लहान शाळांमधील मुले आणि त्यांचे शिक्षक यांना पुण्यात सन्मानाने बोलावले, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. गुणीजनांना पाहून अंतःकरणात जो आनंद उमलतो, त्याला आपल्या परंपरेत प्रमोदभावना असे नाव आहे. मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावनांत तिचे स्थान दुसरे आहे. आजचा समारंभ हा त्या भावनेचाच प्रत्यक्ष आविष्कार होय.

आपल्याकडे कोणत्याही कृतीचा विचार तीन अंगांनी केला जातो: करणे, करविणे आणि अनुमोदणे. स्वतः केलेल्या कर्माइतकाच दुसऱ्याकडून करविलेल्या आणि मनाने अनुमोदिलेल्या कर्माचाही वाटा आपल्याकडे येतो, अशी ही दृष्टी आहे. शाळेतील यशाला ती तंतोतंत लागू पडते. अभ्यास विद्यार्थी करतो, शिक्षक तो करवितो आणि समाज त्याचे अनुमोदन करतो. आज या सभागृहात हे तिघेही उपस्थित आहेत. पहिल्या दोघांनी आपले काम चोख केले, म्हणून तर त्यांची नावे पुकारली जात आहेत. तिसऱ्याचे, म्हणजे आपले काम काय, याविषयी चार शब्द बोलावे म्हणून मी आपल्यापुढे उभा आहे.

पुणे शहराला शिक्षकांच्या गौरवाची परंपरा नवी नाही. सन १८४८ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. पुढे त्यांनी आणखी शाळा काढल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारतर्फे त्यांचा शालजोडी देऊन जाहीर सत्कार झाला. ज्या गावात शाळेकडे जाणाऱ्या सावित्रीबाईंना लोकांचा उपमर्द सोसावा लागला, त्याच गावात हा सत्कार झाला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या शालजोडीचे मोल कळते. परंतु त्या शाळांच्या यशाचे सर्वांत बोलके प्रमाणपत्र त्यानंतर तीन वर्षांनी मिळाले. फुले यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग समाजातील मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. आपल्या समाजाची व्यथा तिने स्वतःच्या शब्दांत आणि निर्भयपणे मांडली होती. शिक्षकाचा गौरव शालीने होतो. त्याच्या कार्याची पूर्तता मात्र अशा एखाद्या विद्यार्थ्याच्या लेखणीतून होते. करणारा आणि करविणारा यांना वेगळे काढता येत नाही, याचे याहून चांगले उदाहरण पुण्याच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

दुसरे नाव आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचे आहे. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन कुटुंबात जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिकही झाले नव्हते. त्यांनी १९१९ मध्ये सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह उघडले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. मुलांच्या पोटाला कमी पडू नये म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने आणि अखेरीस मंगळसूत्रही दिले. १९५९ मध्ये भारत सरकारने कर्मवीरांना पद्मभूषण किताब दिला आणि त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी. लिट. ही पदवी अर्पण केली. ज्यांच्यापाशी परीक्षेचे प्रमाणपत्र नव्हते, त्यांच्यापुढे विद्यापीठ नतमस्तक झाले. गुणवत्ता केवळ गुणपत्रिकेत मोजायची नसते, हे त्या पदवीदानाने सांगितले. लक्ष्मीबाईंना मात्र तो दिवस पाहता आला नाही. त्यांचे निधन १९३० मध्येच झाले होते. प्रत्येक सन्मानामागे अशी एखादी न पुकारलेली व्यक्ती उभी असते. आज येथे बसलेल्या मातांकडे पाहताना याचे स्मरण ठेवावे.

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. ३ डिसेंबर २०२० रोजी ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ या जागतिक पुरस्कारासाठी श्री. रणजितसिंह डिसले यांचे नाव जाहीर झाले. त्या वेळी ते सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातील परितेवाडी येथे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक होते. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड देऊन त्यांनी ध्वनिफिती, चित्रफिती आणि कविता मुलांपर्यंत पोचविल्या. पुरस्काराची रक्कम दहा लाख अमेरिकी डॉलर होती. नाव जाहीर होताच त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांमध्ये वाटण्याचे घोषित केले. जगभरच्या लोकांना या घोषणेचे आश्चर्य वाटले. ज्यांनी लहानपणापासून अपरिग्रहाचे पाठ ऐकले आहेत, त्यांना या कृतीचा अर्थ वेगळा सांगायला नको. स्पर्धेत पुढे राहिलेल्याने मागे राहिलेल्यांचेही अनुमोदन करावे, हा त्या दिवसाचा धडा होता.

आपल्या पुणे जिल्ह्यातच, खेड तालुक्यातील जालिंदरनगर येथील जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये ‘वर्ल्ड्स बेस्ट स्कूल’ पुरस्कारांपैकी लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार जगभरातील लोकांच्या मतांवर ठरतो. घटत्या पटामुळे बंद पडण्याच्या उंबरठ्यावर आलेली ही शाळा मुख्याध्यापक श्री. दत्तात्रय वारे आणि ग्रामस्थ यांच्या प्रयत्नांतून उभी राहिली. तेथील ‘विषयमित्र’ ही पद्धत मला फार अर्थपूर्ण वाटते. एखादा विषय ज्या मुलाला चांगला समजला, तो इतरांना तो शिकवितो. मग ते वयाने मोठे असोत वा लहान. म्हणजे जो करणारा, तोच काही वेळाने करविणाराही होतो. ज्ञान दिल्याने कमी होत नाही, हे ती मुले रोज अनुभवतात.

बंधु-भगिनींनो, या शाळेचा उल्लेख मी केवळ अभिमानापोटी केलेला नाही. सन २०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांची चर्चा सुरू झाली, तेव्हा अशा शाळांची संख्या चौदा हजारांहून अधिक आणि त्यांतील विद्यार्थ्यांची संख्या सुमारे एक लाख पंच्याऐंशी हजार असल्याचे सांगण्यात आले. सरासरीने एका शाळेत बारा-तेरा मुले! आपल्या जिल्ह्यातील पानशेत येथे अनेक छोट्या शाळांऐवजी एकच समूह शाळा, असा प्रयोग झाला. मोठ्या शाळेत ग्रंथालय, प्रयोगशाळा, क्रीडांगण आणि भरपूर सवंगडी मिळतात, हे खरे आहे. त्याचबरोबर शाळा वस्तीपासून दूर गेली की डोंगरातल्या लहान मुलींची शाळा सुटण्याचे भय असते, हेही तितकेच खरे आहे. या वादात निकाल देण्याचे हे व्यासपीठ नव्हे. परंतु ज्या शाळेचा पट कमी, तिचे मोल कमी, असे आपल्या मनानेही मानले तर जालिंदरनगरसारखी शाळा उभी राहण्यापूर्वीच मिटून जाईल, एवढे मात्र निश्चित.

येथे गौरवाचा संबंध येतो. आपण गौरव कोणाचा करतो, यावरून समाज कशाला किंमत देतो हे मुलांना कळते. शिष्यवृत्ती परीक्षेचेच पाहा. १९५४-५५ पासून महाराष्ट्रात चालत आलेली ही परीक्षा पूर्वी चौथी आणि सातवीला होत असे. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला होऊ लागली. जिल्हा परिषदेच्या बहुसंख्य वस्तीशाळा चौथीपर्यंतच. त्यामुळे ज्या शिक्षकाने मुलाला चार वर्षे घडविले, त्याच्या शाळेचे नाव निकालपत्रात येईनासे झाले. शासनाने २०२५ मध्ये ही परीक्षा पुन्हा चौथी व सातवीला घेण्याचा निर्णय केला, याचे अनेक शिक्षकांनी स्वागत केले, ते यासाठीच. परीक्षेचे वर्ष बदलले की करविणाऱ्याचे नाव पुसले जाऊ शकते, हे आपणही लक्षात ठेवले पाहिजे.

म्हणून अनुमोदनाचे कर्तव्य अधिक पूर्णतेने पार पाडण्यासाठी ट्रस्टच्या विचारार्थ तीन नम्र सूचना मांडतो.

पहिली सूचना अशी की, विद्यार्थ्याचा सत्कार होताना त्याला प्राथमिक शाळेत ज्यांनी शिकविले, त्या गुरुजींचे अथवा बाईंचे नावही त्याच वेळी वाचले जावे. शक्य असल्यास त्यांना त्याच्याशेजारी उभे करावे.

दुसरी सूचना निवडीविषयी आहे. शेकडा गुणांबरोबर अन्य कसोट्याही असाव्यात. ऊसतोडीच्या हंगामात आई-वडिलांबरोबर गाव सोडून गेलेली आणि परत येऊन वर्गात बसलेली मुलगी, धाकट्या भावंडांना सांभाळून वर्षभर शाळा न चुकविणारा मुलगा, आणि अशा मुलांना शोधत वस्तीवर, पालावर जाणारा शिक्षक हेही गुणवंतच आहेत. त्यांची शिफारस मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि शाळा व्यवस्थापन समिती सहज करू शकतील.

तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची. गौरव समारंभानंतरही आपले लक्ष त्या मुलावर राहावे. केंद्र शासनाची राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती आठवीतील परीक्षेवर मिळते. साडेतीन लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांना नववी ते बारावी दरमहा एक हजार रुपये, म्हणजे चार वर्षांत अठ्ठेचाळीस हजार रुपये मिळतात. मात्र तिचे नूतनीकरण दरवर्षी संगणकावर करावे लागते. उत्पन्नाचा दाखला, बँक खाते, आधार क्रमांक आणि दिलेली मुदत यांपैकी एखादी गोष्ट चुकली, तर परीक्षा उत्तीर्ण झालेले मूलही पैशाला मुकू शकते. आपल्या समाजात सनदी लेखापाल आहेत, बँकेतील अधिकारी आहेत, संगणक जाणणारे तरुण-तरुणी आहेत. त्यांनी वर्षातील दोन रविवार एकेका तालुक्याला दिले आणि असे अर्ज भरून दिले, तर तो कोणत्याही स्मृतिचिन्हापेक्षा मोठा सन्मान ठरेल. यास फार मोठ्या निधीची आवश्यकता नाही. वेळ देण्याची तयारी हवी.

विद्यार्थी मित्रांनो, आज तुमच्या हातात दिलेले प्रशस्तिपत्र घरी नेल्यावर भिंतीवर अवश्य लावा. मात्र उद्या शाळेत गेल्यावर, तुम्हाला जे आले ते शेजारच्या मुलाला शिकविण्यास विसरू नका. जालिंदरनगरची मुले हे रोज करतात. गुरुजनांना मी काय सांगणार? आपण केलेल्या कष्टांची नोंद निकालपत्रात होवो वा न होवो, ती एखाद्या मुक्ता साळवेच्या लेखणीत उमटत असते, एवढेच विनयपूर्वक नमूद करतो.

ट्रस्टच्या विश्वस्तांना सुवर्णमहोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा देतो. पुढील वर्षी याच समारंभात आजच्या प्रत्येक मुलाची खुशाली कळावी, तो कोणत्या इयत्तेत आहे आणि त्याची शिष्यवृत्ती सुरू आहे किंवा नाही, हे व्यासपीठावरून सांगितले जावे, अशी अपेक्षा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!