बातमीदाराचा सांभाळ



ज्यांची उमेदीची वर्षे गुप्तवार्तेच्या कामात गेली अशा निवृत्त अंमलदारांनी आपल्या परिषदेसाठी वर्धा हे स्थळ निवडावे आणि बातमीदार बाळगणाऱ्या अधिकाऱ्याचे कर्तव्य व शिक्षण या विषयावर अध्यक्षाने बोलावे अशी आज्ञा करावी, यात आपल्या कार्यवाहांनी थोडा विनोद साधला आहे असे मला वाटते. येथून अवघ्या पाच मैलांवर सेवाग्राम आहे. तेथे 1936 साली येऊन राहिलेल्या महात्म्याने गुप्ततेला असत्याच्या पंक्तीला बसविले, आणि 1944 साली स्थानबद्धतेतून सुटल्यावर अरुणा असफ अलींसारख्या भूमिगतांनाही उघड्यावर येण्याचा सल्ला दिला. ज्याच्या सायंप्रार्थनेला कोणीही जाऊन बसावे आणि ज्याचे मनोगत त्याच्याच साप्ताहिकात छापून यावे, त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्या इंग्रजी अमदानीतील अंमलदाराला काम तरी काय उरत असेल? 14 जुलै 1942 रोजी काँग्रेस कार्यकारिणीने याच गावात जो ठराव केला तो साऱ्या जगाने वर्तमानपत्रांत वाचला. त्यासाठी सरकारला एका छदामाचाही गुप्त निधी खर्चावा लागला नसता.

आणि तरीही त्यानंतर सुमारे महिन्याभराने, नागपंचमीच्या दिवशी, 16 ऑगस्टला, याच जिल्ह्यातील आष्टीच्या ठाण्यावर जमाव चालून गेला. गोळ्या सुटल्या, आंदोलक हुतात्मे झाले, ठाण्यातील पोलीसही प्राणास मुकले. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने भारलेला तो मुलूख. तेथे जे धुमसत होते ते गुपित मुळीच नव्हते. आठवडी बाजारात आणि भजनाच्या बैठकीत ते उघड बोलले जात असणार. परंतु सरकारचे कान मुंबई-दिल्लीच्या पुढाऱ्यांकडे लागलेले, आणि ज्या स्थानिक कार्यकर्त्यांच्या चेहऱ्यावरून गावाची नाडी ओळखता आली असती त्यांना 9 ऑगस्टनंतर तुरुंगात घातलेले. माझे मत विचाराल तर आष्टीचा अनर्थ हेरगिरीच्या अभावी झाला नाही, शेजारधर्माच्या अभावी झाला. आणि आपल्या शास्त्रातील पहिला धडा मी तोच समजतो.

या धड्याचा आणखी एक दाखला आपल्या उत्तरेच्या शेजाऱ्याकडून मिळतो. विल्यम स्लीमन हा नरसिंहपुरास 1822 ते 1824 या काळात मॅजिस्ट्रेट होता, आणि आपल्या अंमलात कोठे काय चालते ते आपणांस ठाऊक आहे अशी त्याची खात्री होती. पुढे ठगांच्या जबान्या घेताना त्याला कळले की त्याच्या कचेरीपासून काही शे यार्डांवर, कंदेली गावात, ठगांची एक टोळी घरेदारे करून राहत होती. ही नामुष्की त्याने 1836 साली कलकत्त्यास प्रसिद्ध केलेल्या ‘रामासीयाना’ या ग्रंथात स्वतःच नमूद करून ठेवली, याबद्दल त्याला मान दिला पाहिजे. फिरंगिया नावाचा ठग-जमादार हाती लागला तो त्याची आई, बायको व मूल आधी ताब्यात घेतल्यामुळे. आणि माफीचा साक्षीदार झाल्यावर त्याने ज्या आमराईत साहेबाचा तंबू पडला होता तेथीलच जमीन खणावयास लावून प्रेते काढून दाखविली.

स्लीमनच्या पद्धतीतील काही गोष्टी आजही कोणत्याही प्रशिक्षण-शाळेत शिकवाव्यात अशा आहेत. साक्षीदारांना एकमेकांपासून अलग ठेवावयाचे, एकाची जबानी दुसऱ्याच्या कानी पडू द्यावयाची नाही, दोघांच्या स्वतंत्र जबान्या एकमेकींशी ताडून पाहावयाच्या, आणि प्रत्येक टोळीची वंशावळ मांडून कोण कोणाचा मेहुणा, कोण कोणाचा दत्तक, हे दप्तरी बिनचूक ठेवावयाचे. परंतु या पद्धतीच्या पोटात एक काळोखही आहे. फासावरून वाचण्यासाठी जो बोलतो त्याला नवी नावे पुरवीत राहण्यावाचून गत्यंतर नसते, आणि ज्याची मुलेमाणसे सरकारच्या मुठीत आहेत त्याची जबानी स्वेच्छेची कशी म्हणावी? त्या माफीच्या साक्षीदारांना मुक्तता कधीच मिळाली नाही. जबलपूरच्या उद्योगशाळेत गालिचे विणीत त्यांचा जन्म सरला. पुढे 1887 साली मध्यवर्ती विशेष शाखा निर्माण झाली ती याच ठगी व दरोडे खात्याच्या छायेत, आणि आपले आजचे केंद्रीय गुप्तवार्ता खाते तिचेच वंशज. तेव्हा गुण घेतले तसे कुळाचे दोषही आपल्या रक्तात आहेत याचे भान असावे.

कौटिल्याने हाच विचार अधिक निष्ठुरपणे पण अधिक नीटसपणे मांडला आहे. मुंबई विद्यापीठासाठी प्रा. र. पं. कंगले यांनी 1960 ते 1965 या काळात अर्थशास्त्राची जी तीन भागांची आवृत्ती सिद्ध केली, ती प्रत्येक अंमलदाराने एकदा तरी सावकाश वाचावी. एके ठिकाणी बसून काम करणारे हेर निराळे, हिंडून काम करणारे निराळे. एकाची दुसऱ्याला ओळख नाही. तिघांचे वृत्त जुळले तरच ते ग्राह्य. आणि ज्याचे वृत्त वारंवार खोटे ठरते त्याला गाजावाजा न करता दूर करावे, अशी ती व्यवस्था. उभयवेतन, म्हणजे दोन्हीकडून वेतन घेणाऱ्या, हेराची बायकामुले ओलीस ठेवण्याचा सल्लाही तेथे आहे, म्हणजे या बाबतीत स्लीमनला गुरू शोधावयास विलायतेस जावे लागले नसते.

शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक यांच्याविषयी मी फार बोलणार नाही, कारण खात्रीने बोलावे असे फार थोडे आहे. सभासदाच्या बखरीत ते सुरतेची खबर आणताना दिसतात आणि जालन्याच्या स्वारीनंतर महाराजांना आडवाटेने पट्टागडावर सुखरूप नेताना दिसतात. बाकीचे सर्व आपल्या कादंबरीकारांनी मोठ्या हौसेने पुरविले आहे. त्यांनी नाईकांना इतकी सोंगे घ्यावयास लावली आहेत की त्यांना बातमी काढण्यास सवड कधी मिळत असेल, असा प्रश्न पडतो. जानेवारी 1664 मध्ये सुरतेत वीरजी व्होऱ्यासारख्या धनिकांच्या वाड्यांवर मराठी फौज ज्या नेमकेपणाने गेली, त्याच्या मागे सोंगापेक्षा यादी असली पाहिजे: कोणाची पेढी कोठे, किल्लेदाराची शिबंदी कागदावर किती व प्रत्यक्षात किती. असे रुक्ष काम करणारा मनुष्य कथानायक होत नाही, पण राज्य त्याच्या बळावर चालते.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळतो. कापसाच्या हंगामात हिंगणघाटच्या बाजारात शेकडो गाड्या उभ्या असतात, आणि त्या गर्दीत एका अडत्याच्या ओट्यावर दोन माणसे भावाची घासाघीस करीत बसली तर तिकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. बातमीदाराला भेटावे ते अशा ठिकाणी, जेथे त्याला एरवीही जावेच लागते. नवा अंमलदार पहिल्याच भेटीत प्रश्नांची फैर झाडतो, आणि त्या प्रश्नांवरून सरकारला काय ठाऊक नाही हे समोरच्याला आयतेच कळते. मुरलेला अंमलदार आधी त्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करतो, सोसायटीच्या कर्जाचे काय झाले ते विचारतो, आणि कामाचे वाक्य उठता उठता ऐकून घेतो. त्याच रात्री टिपण झाले पाहिजे, आणि त्यात त्याने डोळ्यांनी पाहिलेले, दुसऱ्याकडून ऐकलेले आणि स्वतः ताडलेले, या तिहींची सरमिसळ होता कामा नये. माझ्या अनुभवात वरिष्ठांकडे गेलेली चुकीची वृत्ते खोटेपणामुळे फारशी चुकली नाहीत. ती चुकली कारण ‘असे म्हणतात’ हे दोन शब्द सुवाच्य प्रत काढताना कोणीतरी गाळले.

बातमीवर संशय घ्यावा, पण बातमीदाराशी इमान राखावे. या दोन वृत्ती एकाच मनात नांदविणे हे या कामाचे खरे शिक्षण आहे आणि ते सर्वांत कमी दिले जाते. 1872 च्या पुरावा अधिनियमाच्या 125 व्या कलमाने पोलीस अधिकाऱ्याला बातमी कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती होऊ शकत नाही असे संरक्षण दिले, आणि 2023 च्या नव्या साक्ष्य अधिनियमानेही ते कायम ठेवले. पण कोर्टात मिटलेले तोंड चहाच्या टपरीवर उघडत असेल तर कलमाचा उपयोग काय? गडचिरोलीत नक्षलवाद्यांकडून ‘खबऱ्या’ ठरवून ज्या गावकऱ्यांचे मुडदे पाडण्यात आले त्यांत कित्येकांचा पोलिसांशी काडीचाही संबंध नव्हता. एखाद्या टोल्यावर सरकारी जीप दोनदा एकाच अंगणासमोर उभी राहिली की त्या घराचा निवाडा जंगलात होऊन जातो. शिपायाला तेथे पाणी प्यावेसे वाटले, एवढेच कारण पुरते.

बदलीचाही विचार झाला पाहिजे. मुद्देमालाचा, दारूगोळ्याचा, टंकयंत्राचासुद्धा चार्ज आपण सह्या करून देतो. बातमीदाराचा मात्र देत नाही. जुना साहेब जातो, कबूल केलेले पैसे निधीच्या वहीत अडकतात, नवा साहेब त्याला ओळखतही नाही, आणि वर्षभर जीव मुठीत धरून बातम्या देणारा मनुष्य कचेरीच्या दारात ताटकळत उभा राहतो, म्हणजे साऱ्या गावाला दिसतो.

म्हणून परिषदेपुढे येणाऱ्या ठरावात तीन गोष्टींचा अंतर्भाव व्हावा अशी माझी सूचना आहे. गुप्तवार्तेच्या शाखेत येणाऱ्या प्रत्येकाने आधी एक वर्ष ग्रामीण ठाण्यात काढावे, आणि 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमलेल्या पोलीस पाटलांबरोबर गावे पायी फिरावीत, म्हणजे जे उघड कळते ते गुप्त निधीतून विकत घेण्याची वेळ येणार नाही. पूर्व विदर्भात नेमणूक होणाऱ्याला गोंडी किंवा माडिया यांपैकी एक भाषा बोलता आलीच पाहिजे, दुभाषा चालणार नाही, कारण दुभाषा म्हणजे गुपितात बसलेला तिसरा. आणि बदलीच्या वेळी जुन्या अंमलदाराने नव्याची बातमीदाराशी समक्ष गाठ घालून, मागील देणे चुकते करूनच कार्यमुक्त व्हावे. तिसऱ्या सूचनेला आपल्यापैकी काहींचा विरोध आहे हे मला माहीत आहे. बातमीदार हा आपला खाजगी ठेवा आहे असे मानणारे जुने मित्र समोरच बसले आहेत. त्यांचे म्हणणे दुपारच्या सत्रात प्रथम ऐकून घ्यावे अशी कार्यवाहांना विनंती करून मी माझे भाषण पुरे करतो.