वंशावळीआधी खसरा

घराण्याचा इतिहास शोधायला निघालेला माणूस बहुधा पहिलीच उडी थेट मूळस्थान म्हणून सांगितल्या जाणाऱ्या धारानगरीत मारतो. मधली शतकं ओस, आणि मग एकदम आजोबा! आपल्या लोधीखेडा-सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलखात या हौसेला भाटाच्या वंशावळीच्या पोथीचा आधारही मिळतो. माझं म्हणणं एवढंच, की शोध आजोबांपासून मागं न्यावा आणि पोथीच्या आधी पटवाऱ्याचं दफ्तर पाहावं. आपल्यावरची राज्यं बदलत गेली. नागपूरकर भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, १८६१ मध्ये मध्यप्रांत आला, १९५६ मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि सौंसर मध्यप्रदेशात राहिलं. २०२३ मध्ये तर पांढुर्णा जिल्हाच वेगळा झाला. शेत मात्र जागचं हललं नाही. जमीन-महसुलाच्या बंदोबस्ताच्या मिसलीत काश्तकाराचं नाव, बापाचं नाव, जात आणि राहण्याचं गाव मिळतं, म्हणजे एका ओळीत दोन पिढ्या. पुढं मालगुजारी गेल्यावर १९५४-५५ चा अधिकार अभिलेख झाला. माणूस वारला की वारसांची नावं नामांतरण पंजीत चढतात आणि पिढ्यांचा सांधा तिथंच जुळतो. अडचण अशी की जुन्या नोंदीत आडनाव पुष्कळदा नसतं, आणि एका गावात तुकाराम वल्द गणपत दोघे निघाले तर त्यांतला आपला कोणता, हे शेताचा खसरा नंबरच सांगतो. बंदोबस्तात नंबरही बदलतात. जुन्या-नव्याचा मेळ आधी घातला नाही, तर शेजाऱ्याचा पणजोबा आपल्या घरात यायचा.

ज्यांच्याकडं शेतच नव्हतं, त्यांनी काय करायचं? हा आक्षेप खरा आहे, त्यातून लोधीखेडा तर विणकरांचं आणि तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्यांचं गाव. अशा घरांनी कोटवाराकडच्या जन्ममृत्यूच्या नोंदी आणि शाळेचं दाखल-खारिज रजिस्टर पाहावं. शाळेतली जन्मतारीख मात्र जपून घ्यावी. अनेकदा ती गुरुजींनी अंदाजानं घातलेली असते.

मग भाटाची पोथी खोटी का? तसं मी म्हणत नाही. तिच्यातल्या अलीकडच्या तीन-चार पिढ्या दफ्तराशी ताडून पाहाव्यात. त्या जुळल्या तर त्यामागच्या नावांना थोडं वजन येतं. धारानगरी त्यानंही सिद्ध होत नाही.

सर्वांत मोठी उणीव पोथी आणि दफ्तर दोन्हींत आहे: बाया कुठं आहेत? विधवेचं नाव कधी वारस म्हणून चढतं. मुलींचं नाव १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर दिसायला हवं, पण हक्कसोड करून घेतली की तेही पुसलं जातं. म्हणून आजीचं माहेर कोणतं, हे घरातल्या म्हाताऱ्यांना आजच विचारावं. आपल्याकडची सोयरीक काटोल-सावनेर-वरुडपर्यंत पसरलेली. तिथला कागद महाराष्ट्राच्या तहसिलीत मिळेल. पण कोणत्या गावाचा मागायचा, हे आपल्या दफ्तरात लिहिलेलं नसतं.