धार कोणी लावायची?



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काही मंडळींनी मला दारातच गाठले. एकाने विचारले, "इतकी वर्षे तुम्ही बोनस, महागाई भत्ता आणि कंत्राटी कामगार यांवर बोलत आलात, आज एकदम स्वयंपाकघरातली सुरी कुठून निघाली?" दुसऱ्या एका स्नेह्यांना वाटले की यात काही रूपक असणार, शेवटी मी संघटनेला धार लावण्यावर येणार. त्यांची निराशा होईल. मी आज खरोखरीच सुरीविषयी आणि ती ज्यावर घासायची त्या दगडाविषयी बोलणार आहे. मात्र सुरी कोणाच्या हातात असते आणि दगड कोणाच्या ताब्यात असतो, हा प्रश्न त्यात आल्याशिवाय राहणार नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. धारदार सुरी धोक्याची आणि बोथट सुरी निर्धोक, असे आपण समजतो. घरात लहान मूल असले की मुद्दाम सुरी बोथट ठेवणारेही आहेत. वस्तुस्थिती उलट आहे. धारेची सुरी भाजीत जवळजवळ आपल्या वजनाने उतरते. हाताने फक्त तिला वाट दाखवायची असते. बोथट सुरीला जोर द्यावा लागतो. ती कांद्याच्या गुळगुळीत सालावर टेकते, आत शिरत नाही, आपण खांद्यातून रेटतो, आणि ती एकाएकी घसरते. त्या क्षणी हातात जो जोर असतो तो आवरण्याइतका अवकाश मनुष्याला मिळत नाही. विळीचे तर याहून अवघड. तिथे पाते जागेवर असते आणि हात भाजी घेऊन पात्याकडे जातो. म्हणजे विळी जितकी बोथट, तितक्या जोराने आपण आपलाच हात धारेवर नेतो. शिवाय बोथट पाते कापत नाही, चिरडते. कांदा चिरडला की रस अधिक उडतो आणि डोळ्यांतून अधिक पाणी येते. हे पुस्तकातून नव्हे, मी अनुभवाने सांगतो, कारण वयाच्या सोळाव्या वर्षी एका कारखान्याच्या उपाहारगृहात कांदे चिरण्यापासूनच माझी नोकरी सुरू झाली.

उपाहारगृह ही मालकाने केलेली मेहेरबानी नव्हती. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४६ व्या कलमाने, अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत ते चालवण्याची सक्ती करण्याचा अधिकार सरकारला दिला होता. पण जेवण कोणत्या सुरीने चिरावे हे कोणत्याही कलमात नव्हते. आमच्याकडे सात सुऱ्या होत्या. त्या तीन महिन्यांतून एकदा बाहेर धारेला जात. मधल्या काळात आचारीमामा त्या चहाच्या कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर घासून वेळ मारून नेत.

पुढे मी युनियनच्या कामात पडलो. १९९४ साली मागण्यांची यादी तयार होत असता आचारीमामा माझ्याकडे आले आणि म्हणाले, "अरे, त्या यादीत धार लावायचा एक दगड तेवढा लिही. आणि तो वापरायला पाव तास." मी लिहून घेतले. रात्री यादी साफ करताना मात्र मला ते वाचून ओशाळल्यासारखे झाले. पगारवाढ, घरभाडे, कंत्राटी माणसांना कायम करणे, आणि त्यांच्या पंगतीला धार लावायचा दगड! व्यवस्थापनाची मंडळी हसतील, बाकीच्या मागण्यांचेही वजन जाईल, असा मी विचार केला. आणि बंधुभगिनींनो, ती ओळ कोणी साहेबाने खोडली नाही. मी माझ्या हाताने खोडली.

दीड महिन्याच्या आतच उपाहारगृहातल्या एका बाईंच्या हातून लाल भोपळा फोडताना सुरी घसरली. डाव्या हाताच्या तर्जनीला खोल जखम झाली, ती चिघळली, आणि डॉक्टरांना बोटाचे पुढचे पेर काढावे लागले. चौकशी झाली. कागदावर कारण आले 'निष्काळजीपणा'. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात तर्जनीचे एक पेर गेले की कमाईची शक्ती ९ टक्के घटली असे धरले होते. त्या हिशेबाने बाईंना पैसे मिळाले. ती सुरी मी मागून घेतली आणि टोमॅटोवर ठेवून ओढली. साल चेपले, कापले गेले नाही. निष्काळजीपणा झाला होता हे खरे, पण तो बाईंचा नव्हता, आणि एकट्या व्यवस्थापनाचाही नव्हता.

त्यानंतर दगड आला. ज्यासाठी मी ओशाळलो होतो त्या दगडाची किंमत एका माणसाच्या साध्या जेवणाहून फारशी अधिक नव्हती. आचारीमामांनी मला समोर बसवून धार लावायला शिकवले. ते शिक्षण आपणांपुढे ठेवतो.

हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा दगड मिळतो, एक बाजू जाड आणि दुसरी बारीक. ज्यांना हौस असेल त्यांनी नंबर पाहून दगड घ्यावेत: नंबर जितका मोठा तितका कण बारीक. चारशेच्या आसपासचा अगदी गेलेल्या सुरीसाठी, हजाराचा नित्याच्या धारेसाठी, तीन हजाराच्या पुढचा चकाकीसाठी. पाण्याचा दगड असेल तर तो बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवावा. मग खाली ओले फडके घालून ओट्यावर पक्का बसवावा. हलणाऱ्या दगडावर धार येत नाही, बोट मात्र जाते.

आता कोन. सुरी दगडावर उभी धरली तर ९० अंश झाले. निम्मी कलती केली की ४५. आणखी निम्मी की साडेबावीस. त्याहून किंचित खाली या. चार सेंटिमीटर रुंद पात्याची पाठ दगडापासून सुमारे सव्वा सेंटिमीटर उंच राहिली म्हणजे कोन बरोबर आहे. हा कोन प्रत्येक फेरीला तोच राहिला पाहिजे. सारी विद्या एवढ्यातच आहे. मनगट डोलू लागले की धार गोल होते. डाव्या हाताची दोन बोटे पात्यावर टेकवावीत, आणि जिथे बोटे तिथे दगड खातो हे लक्षात ठेवून ती मुठीपासून टोकापर्यंत हळूहळू सरकवावीत.

कधी थांबायचे? बहुतेक लोक इथेच चुकतात. एका बाजूने पुरेसे घासले की दुसऱ्या बाजूच्या काठावर पोलादाची एक अतिसूक्ष्म कोर उलटून येते. कारखान्यात तिला 'बर' म्हणतात. ती डोळ्यांना सहसा दिसत नाही. अंगठा पाठीकडून धारेकडे आडवा ओढला की लागते. अंगठा धारेच्या लांबीने कधीही फिरवू नये. ही कोर मुठीपासून टोकापर्यंत सलग लागेपर्यंत बाजू बदलायची नाही. कोर आली याचा अर्थ घासणे खऱ्या काठापर्यंत पोचले. दहा फेऱ्या इकडे, दहा तिकडे असे मोजून सोडणारा मनुष्य घाम गाळतो आणि बोथट सुरी घेऊन उठतो.

दुसऱ्या बाजूने तसेच करून मग बारीक दगड घ्यावा आणि हाताचा जोर कमी करीत जावे. दगडावर जमणारा काळसर चिखल लगेच धुऊन टाकू नये. तो दगडाचे आणि पोलादाचे बारीक कण मिळून झालेला असतो आणि चकाकी आणण्याचे काम तोच करतो. चकाकी म्हणजे निराळे काही नव्हे. मोठे ओरखडे पुसून त्यांच्या जागी लहान ओरखडे घालणे, आणि ते इतके लहान होणे की डोळ्यांना दिसू नयेत. शेवटी न्हावी वस्तरा पट्ट्यावर ओढतो तशी सुरी कातड्याच्या पट्ट्यावर किंवा घडी केलेल्या वर्तमानपत्रावर, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून, आठ-दहा वेळा ओढावी म्हणजे उरलेली कोर निघून जाते. विळीचे पाते वाकडे आणि पाटाला जडलेले, म्हणून तिथे पाते दगडावर न नेता दगड पात्यावर न्यावा. दगडाला खळगा पडला की फरशीवर ओली वाळू टाकून तो घासून सपाट करावा. झाले. सवय झाल्यावर एका सुरीला दहा मिनिटे पुरतात.

कोणी म्हणतील, हा खटाटोप कशाला? गल्लीत सायकलवाला येतो. मागचे चाक फिरवून दोन मिनिटांत धार लावून देतो. त्याच्याविषयी मला आदर आहे, म्हणून त्याची अडचण सांगतो. त्याला पैसे सुरीमागे मिळतात, तेव्हा घाई करणे त्याला भाग आहे. कोरडे चाक वेगाने फिरते, ठिणग्या उडतात, आणि पातळ काठ क्षणात तापतो. काठावर निळा डाग दिसला तर समजावे की पोलाद तीनशे अंशांच्या आसपास गेले आणि त्याला दिलेले पाणी उतरले. अशी धार चार दिवसांत बसते. आणि चाकावरून उडणारी धूळ आपल्या घरात येत नाही, ती त्याच्या तोंडावर बसते.

या धुळीला इतिहास आहे. इंग्लंडातले शेफील्ड हे सुऱ्याकात्र्यांचे जगप्रसिद्ध शहर. तिथली चाके वालुकाश्माची होती, म्हणजे गारेच्या कणांची. फ्रेडरिक एंगेल्सने १८४५ साली इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात तिथल्या डॉक्टर नाइट यांच्या आधाराने या कामगारांची हकीकत दिली आहे. कोरड्या चाकावर काम करणाऱ्याचे सरासरी आयुष्य जेमतेम ३५ वर्षे. ओल्या चाकावरचा क्वचितच ४५ च्या पुढे जाई. सुरी तीच, दगड तोच. फरक पाण्याचा आणि त्या पाण्याने दाबलेल्या धुळीचा.

पण मला त्या पानावर थांबवले ते पुढच्या मजकुराने. धूळ ओढून नेण्याची साधने निघाली होती, आणि काही ठिकाणी ती खुद्द कामगारांनीच मोडली. त्यांना वाटले, धंदा निर्धोक झाला तर त्यात आणखी माणसे शिरतील आणि मजुरी उतरेल. वाचनालयात ते वाचताना मला माझी खोडलेली ओळ आठवली. मजुरी मोठी आणि फुप्फुस लहान, बोनस मोठा आणि दगड लहान! शेफील्डचा तो कामगार आणि मी एकाच चुकीचे धनी होतो.

अमेरिकेत एडवर्ड ॲचिसन यांनी १८९१ साली विजेच्या भट्टीत कार्बोरंडम तयार केले. ते गारेहून कितीतरी कठीण असते. पुढे अशा कृत्रिम दगडांची चाके आली आणि धारेच्या धंद्यातून वालुकाश्म मागे पडला. परंतु गारेची धूळ संपलेली नाही. आपल्या शेजारच्या गुजरातेत, खंबायतेला, अकीक घासून चमकवणाऱ्या कारागिरांच्या छातीत ती गेली आहे. डॉक्टर तिला सिलिकोसिस म्हणतात. एकदा झालेला हा रोग बरा करणारे औषध नाही. चकाकी आपल्या अंगठीत येते आणि धूळ त्यांच्याकडे राहते.

तेव्हा, धार कोणी लावायची? माझे उत्तर असे: जो कापतो त्याने लावावी, कारण कोन त्याच्या हाताला कळतो, पण दगड ज्याच्यासाठी तो कापतो त्याने द्यावा, आणि धार लावण्याचा वेळ हा कामाचाच वेळ धरावा. आमच्या उपाहारगृहात पुढे आम्ही तो पाव तास मिळवला. माझ्या सह्यांच्या करारांमध्ये तो सर्वांत लहान आहे, आणि त्याविषयी मला सर्वांत कमी शंका वाटते.

हाच नियम घराला लावून पाहा. आपल्या बहुतेक घरांत सुरी बाईच्या हातात आणि दगड कोणाच्याच हातात नाही. बोट कापले की आपण म्हणतो, "जरा बघून चिरायचे!" चौकशी समितीचा अहवाल याहून वेगळा नव्हता. आज घरी गेल्यावर पुरुषमंडळींनी सुरी एकदा टोमॅटोवर ठेवून ओढून पाहावी. साल चेपले, तर उद्या दगड आणावा, घरात जी चिरते तिला विचारून धार लावावी, आणि ती शिकू इच्छीत असेल तर तितका वेळ चूल आपण सांभाळावी.