तंबू, हत्ती आणि भरतीची वेळ
(मंडळाच्या उत्सवात ‘सभासदांचे अनुभव’ या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी काही व्याख्याता नव्हे. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि पुढची वीस-बावीस वर्षे रूळ, खडी आणि स्लीपर यांच्यात गेली. सचिव म्हणाले, तुम्ही डिसेंबरात म्हैसूरहून गाडी घेऊन सहकुटुंब तंबूत राहून आलात, त्यावर बोला. वेळ पंधरा मिनिटे. दिलेला ब्लॉक वेळेत संपवायची आम्हाला सवय आहे, तेव्हा काळजी नसावी.

आम्ही पाच जण होतो. मी, सौ., अकरावीतली कन्या, आठवीतले चिरंजीव आणि शहात्तर वर्षांचे दादा, म्हणजे माझे वडील. ‘त्यांना कशाला नेता?’ असे निम्म्या नातेवाइकांनी फोन करून विचारले. गुडघे, थंडी, रात्रीचे उठणे, सगळे मुद्दे खरे होते. दादा मिरजेला मीटरगेजवर किमन होते. रोज हातोडा घेऊन मैलोन्‌मैल चालणारा माणूस. ते एवढेच म्हणाले, “मी नाही आलो तर खुंट्या कोण ठोकणार?” विषय संपला.

वाट अशी: हासन, सकलेशपूर, मुडिगेरे, शृंगेरी, आगुंबे, उडुपी आणि मग किनाऱ्याने गोकर्ण. जंगलात वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही, परवानगी लागते. म्हणून वर कॉफीच्या मळ्यांत आणि खाली खानावळींच्या आवारात, रीतसर भाडे देऊन राहिलो.

सकलेशपूरच्या मळ्यात मजुरांच्या कामावर देखरेख करणाऱ्याला ‘रायटर’ म्हणतात. हजेरीपटापलीकडे हे गृहस्थ काही लिहीत असावेत असे वाटले नाही, पण ज्ञान मोठे. मुलांना ओढ्याकाठची हिरवीगार सपाट जागा आवडली होती. रायटरने मान हलवली. थंड हवा जड, ती रात्री उतारावरून घरंगळत येऊन खोलगट जागेत साचते. तंबू वर, कॉफी वाळवायच्या खळ्याजवळ लावा. रुळाखालच्या भरावाच्या माथ्याला आम्ही ३० ला १ असा आडवा उतार देतो, पाणी निघून जावे म्हणून. पाण्याचा विचार आयुष्यभर केला, पण हवासुद्धा उताराने वाहते हे पस्तीस एकर कॉफी सांभाळणाऱ्या माणसाकडून कळले.

मग त्याने तिकीट तपासनिसाच्या नजरेने आमचे सामान पाहिले. केळ्यांचा घड, गूळ आणि मीठ जप्त होऊन गोदामात गेले. कारण हत्ती. हासन जिल्ह्याच्या या भागात रानटी हत्ती मळ्यांतून फिरतात, माणसेही दगावली आहेत. हत्ती जवळ असला की काही ठिकाणी सूचनेचा लाल दिवा लागतो. दादांना ही व्यवस्था फार पसंत पडली. “लाल म्हणजे थांबायचं. यात शिकण्यासारखं नवीन काही नाही,” ते म्हणाले.

रात्री दोनला दादांना उठायचे होते. नियम ठरला होता: एकट्याने बाहेर पडायचे नाही, आधी बॅटरीचा झोत चारी बाजूंना. ड्यूटी कन्येची होती. खालून फांद्या मोडल्याचा आवाज आला. दोघे दहा मिनिटे हलले नाहीत, मग हळूच परत आले. मी जागा होतो. नातीच्या हातात आजोबांचा हात होता. कोण कोणाला धरून होते ते मी विचारले नाही.

सकाळी ओढ्याकाठी, त्याच हिरव्या जागेत, चिखलात पाय उमटलेले. दादांनी वितीने मोजले, दोन वीत. हत्तीच्या पुढच्या पायाच्या घेराची दुप्पट केली की साधारण त्याची खांद्यापर्यंतची उंची मिळते. चिरंजिवांनी तंबूची दोरी ठशाभोवती धरली, १३० सेंटीमीटर. म्हणजे २ मीटर ६०. आमच्या तंबूची उंची दीड मीटर. गणित इतके मन लावून केलेले मी त्याला प्रथमच पाहिले.

आगुंबे घाट उतरताना सौ. चालवत होत्या. ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे. नुसत्या ब्रेकवर गाडी तोलली तर ते तापतात आणि ऐन वळणावर दाद देत नाहीत. खंडाळ्याच्या घाटात उतरणाऱ्या आगगाडीला कॅच सायडिंगपाशी थांबून ‘मी ताब्यात आहे’ हे दाखवावे लागते, मगच पुढचा सांधा मिळतो. हे मी सांगत होतो. प्रत्येक वळणावर सांगत होतो. पाचव्या वळणावर सौ. म्हणाल्या, “तुम्हालाही एक सायडिंग द्या.” उरलेला घाट शांततेत पार पडला.

मरवंतेला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी आणि मधून रस्ता. तिथे कोणी काही बोलले नाही. फोटोही बरे आले नाहीत.

गोकर्णला वाळूत खुंट्या टिकेनात. ठोकावी तितकी सैल. दादांनी बाजाराच्या पिशव्या मागवल्या, त्या वाळूने भरल्या, दोरी बांधून हातभर खोल आडव्या पुरल्या. वरची वाळूच पिशवी दाबून धरते. रात्री जमिनीकडून वारा सुटला, पण तंबू जागचा हलला नाही. खानावळवाल्या आजोबांनी भरतीचा हिशेब सांगितला, तो तुमच्यापैकी कोकणातल्यांना ठाऊक असेल: तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा. आता आमच्या घरी, समुद्रापासून इतक्या दूर, दादा रोज सकाळी पंचांग पाहून गोकर्णची भरती जाहीर करतात.

येत्या डिसेंबरात पुन्हा निघतो आहोत. कोणाला यायचे असल्यास कार्यक्रमानंतर नाव द्यावे. पिशव्या मात्र घरून आणाव्यात. दादांच्या पिशव्या ते कोणाला देत नाहीत.