फुलझाडांची नावे आणि त्यांची नाती

बंगळूर शहराच्या वायव्येस पीण्या हे लहानमोठ्या कारखान्यांचे औद्योगिक क्षेत्र आहे. १ मार्च २०१४ रोजी तेथे मेट्रो सुरू झाली, तेव्हा मार्गाचे एक टोक 'पीण्या इंडस्ट्री' होते आणि दुसरे 'संपिगे रोड'. कन्नड न जाणणाऱ्या मराठी माणसाला हे दुसरे नाव परके वाटते. वस्तुतः संपिगे म्हणजे आपला सोनचाफाच. चाफा आणि संपिगे ह्या दोन्ही शब्दांचे मूळ संस्कृत 'चंपक' हे होय.

परंतु शब्दांचे नाते म्हणजे झाडांचे नाते नव्हे. देवळाच्या आवारातील पांढरा चाफा मूळचा उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील आहे. शार्ल प्ल्यूमिए ह्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून त्याला 'प्लुमेरिया' असे शास्त्रीय नाव मिळाले. मराठीने त्याचा सुगंध पाहिला आणि त्याला चाफ्याच्या घरात घेतले. कन्नडातही त्याला संपिगे म्हणणारे आहेत. पण तेथील एक नाव 'देवकणगिले' असे आहे. कणगिले म्हणजे कण्हेर. ह्या नावाने लांबट पाने आणि पाच पाकळ्यांचे पिळदार फूल ध्यानात घेतले, आणि शास्त्राचाही निर्णय तोच आहे: पांढरा चाफा व कण्हेर एकाच कुळातील होत.

हा भेद केवळ विद्वानांच्या कौतुकाचा नाही. धूळ आणि पाण्याची टंचाई सोसते म्हणून कण्हेर रस्त्याच्या कडेला व कुंपणाशी सर्रास लावली जाते. तिचे सर्व भाग विषारी असून ते विष हृदयावर परिणाम करते. पांढऱ्या चाफ्याचा दुधी चीकही त्वचेला झोंबतो. 'चाफा' हे नाव सुगंध सांगते, चीक सांगत नाही. 'देवकणगिले' हे नाव निदान कण्हेरीची आठवण देते.

मराठीची कल्पकता अन्यत्रही दिसते. बूगँव्हील ह्या फ्रेंच दर्यावर्दीच्या स्मरणार्थ ठेवलेल्या नावाच्या शेवटी मराठी कानाला 'वेल' ऐकू आली आणि 'बोगनवेल' झाली. कन्नडाने पातळ, रंगीत पाकळ्यांसारखी पाने पाहून तिला 'कागदाचे फूल' म्हटले. मादागास्करहून आलेल्या गुलमोहरात मराठीला आंब्याचा मोहोर भेटला. मग त्याच धर्तीवर सोनमोहर व नीलमोहर ही नावेही रुळली. ह्यांपैकी सोनमोहर गुलमोहराचा सगोत्र आहे. दक्षिण अमेरिकेतील नीलमोहर मात्र निराळ्या कुळातील आहे.

प्रत्येक भाषा झाडाचा एकेक गुण नावात जपते आणि बाकीचे सोडून देते. म्हणून निरनिराळ्या प्रांतांतील माणसे जेथे एकत्र काम करतात, तेथे अंगणातील झाडाचे शेजाऱ्याच्या भाषेतील नावही विचारून घ्यावे. आपल्या शब्दाने जे सांगायचे राहिले, ते पुष्कळदा त्या नावात सापडते.